आमच्या घराचा डावा इंडिकेटर

नमस्कार. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर तुमचे अनुभव वाचताना मी मनातल्या मनात प्रत्येकाला एकच सल्ला द्यायचो – आधी अर्थिंग तपासा. आपोआप फिरलेला पंखा, अचानक विझलेला बल्ब, मध्येच बोलायला लागलेला टीव्ही... मला सगळीकडे लूज कनेक्शनच दिसायचं. भुतांपेक्षा लूज कनेक्शननी जास्त माणसं घाबरवली आहेत असं माझं मत होतं, आणि थोडंफार अजूनही आहे. म्हणूनच हे लिहू की नको यात इतके दिवस गेले. कुणी खाली 'भावा, अर्थिंग तपास' असं लिहिलं तर मला राग येणार नाही. तपासलंय.

मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी जागा सांगतो. चाकणहून तळेगावकडे निघालं की म्हाळुंग्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक कच्चा रस्ता आत जातो. त्याच्या टोकाला ट्रेलर उभे करायचं मोठं यार्ड आहे. कंपन्यांचा माल बंदरावर नेणारे लांबच लांब ट्रेलर नंबर लागेपर्यंत तिथे थांबतात. माझे बाबा तिथे गेटवर असतात. ट्रेलरचं पुढचं इंजिनचं डोकं असतं, त्याला ड्रायव्हर लोक 'घोडा' म्हणतात. घोडा सोडून निघून गेला की मागे नुसता ट्रेलर उरतो, पुढच्या दोन लोखंडी पायांवर उभा. यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात, सुबाभळीच्या झाडांखाली, असाच एक बंद बॉडीचा जुना ट्रेलर आहे. त्याचा घोडा कधीचाच गेला, चाकंही कुणीतरी काढून नेली. मागून तो सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलाय.

ते आमचं घर.

आता काहीजण हसतील, हसा... आम्हीही हसलो होतो. पण खोलीचं भाडं भरून चौघांचं भागणं शक्य नव्हतं. तेव्हा यार्डाचे मालक तात्या, जे इथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी आहेत, त्यांनीच बाबांना हा ट्रेलर दाखवला. म्हणाले, "भंगारात घालायचाच हाय. त्यापरीस तुमी राहा. उंदीर तेवढे हाकला म्हंजे झालं." मग आम्ही बापलेकांनी सुट्टीच्या दिवशी ग्राइंडरने दोन्ही बाजूंना खिडक्या कापल्या. कंपन्यांच्या फेकून दिलेल्या पॅलेटच्या लाकडाच्या पायऱ्या केल्या. टपावर ओली पोती आणि त्यावर जुने फ्लेक्स अंथरले, म्हणजे ऊन कमी लागतं. त्यामुळे आमच्या घरावर आजही कुठल्याशा दहीहंडीचे फोटो आहेत, फक्त ते पक्ष्यांनाच दिसतात.

हे सगळं आईसाठी चाललं होतं.

आम्ही मूळचे परभणी जिल्ह्यातले. बाबा कामासाठी इकडे आले तेव्हा मी पहिलीत होतो. तेव्हापासून ते इथे आणि आई, मी, पल्लवी तिकडे. पल्लवी माझी धाकटी बहीण, ती लहान असताना त्यांना 'चाकणचे बाबा' म्हणायची, जणू गावात आणखी एक बाबा होते. बाबा सणाला यायचे, दोन दिवस पाहुण्यासारखे राहायचे आणि परत जायचे. मी कॉलेजसाठी इकडे आलो तेव्हा आम्ही दोघं डबा लावून राहायला लागलो. जेवताना बाबा कधी काही बोलायचे नाहीत. पण ट्रेलर मिळाला त्या दिवशी त्यांनी आईला फोन केला आणि बोलता बोलता त्यांचा आवाज असा काही झाला, की मी उठून बाहेर गेलो.

आई आषाढात आली. पल्लवीचं नाव इथल्या शाळेत नववीत घातलं. पण आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं – दिवाळीपर्यंत राहून बघते, नाही जमलं तर पल्लवीला घेऊन परत. तिचं चुकत नव्हतं. गावात तिचं स्वतःचं घर होतं, शेजारी तिचा भाऊ होता. इथे पत्र्याचा डबा, बाहेर रात्रंदिवस गाड्यांचे हॉर्न. कपडे तिने बॅगेतच ठेवले होते. बाबा ड्युटीवरून आले की चप्पल काढायच्या आधी कॉटखाली नजर टाकायचे. बॅग अजून तशीच भरलेली आहे, हे बघून हातपाय धुवायला जायचे.

आईची मोठी तक्रार अंधाराची होती. तात्यांनी गेटवरच्या केबिनमधून लाईट ओढायला नाही म्हटलं होतं. पत्र्याचं घर, उद्या करंट उतरला तर काय घ्या, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. आम्ही चार्जिंगच्या एका बल्बवर दिवस काढत होतो. आई म्हणायची, "अंधार पडला की मला कळतच न्हाई, मी घरात हाय का गाडीत."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी ठरवलं की आपण शिकतोय ते निदान आईच्या स्वयंपाकाला तरी उपयोगी पडलं पाहिजे.

यार्डाच्या गेटबाहेर शफीकचाचांची टपरी आहे. ते गाड्यांचं वायरिंग करतात. पूर्वी स्वतः ट्रेलर चालवायचे, कंबर गेली म्हणून सोडलं. त्यांच्याकडून एक जुनी पण बऱ्यापैकी बॅटरी मिळाली. टपावर ठेवायला सेकंडहँड सोलर पॅनेल मिळालं. आणि चिखलीच्या भंगारवाल्यांकडून मी एलईडीच्या रिजेक्ट पट्ट्या आणल्या. इकडे गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या पुष्कळ कंपन्या आहेत, रंगात जरा फरक पडला की अख्खा लॉट बाजूला पडतो. दिवे चांगलेच असतात. मला पांढऱ्या, पिवळ्या आणि लाल अशा तिन्ही मिळाल्या, कुठल्यातरी गाडीच्या मागच्या लाईटसाठी बनवलेल्या. बारा व्होल्टच्या, त्यामुळे करंट बसायची भीती नाही.

प्रश्न वायरचा होता. तांब्याची वायर महाग. आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिचा मला फार अभिमान वाटला होता. ट्रेलरमध्ये वायरिंग आधीपासून होतंच! पुढे एक सॉकेट असतं, त्यात घोड्याची केबल लागते. तिथून खालून मागच्या दिव्यांपर्यंत वायरी जातात – एक डाव्या इंडिकेटरची, एक उजव्याची, एक ब्रेकची, एक मागच्या साध्या दिव्याची, एक रिव्हर्सची. सगळ्या शाबूत. मी त्याच वायरींना मध्येच फाटे काढून ते घरात घेतले. साध्या दिव्याच्या वायरीवर छताची पांढरी पट्टी. डाव्या इंडिकेटरच्या वायरीवर शेगडीच्या बाजूच्या भिंतीची पिवळी. उजव्यावर पल्लवीच्या अंथरुणाकडची पिवळी. ब्रेकच्या वायरीवर देव्हाऱ्यातली लाल, कारण लाल उजेडात देव छान दिसतात. आणि रिव्हर्सच्या वायरीवर बाहेर दाराच्या वर एक पांढरी. प्रत्येकीला वेगळा स्विच.

पहिल्यांदा सगळे दिवे लावले तेव्हा आई शेगडीजवळ उभी होती. तिने एकदा छताकडे बघितलं, एकदा देवांकडे बघितलं आणि म्हणाली, "आता निदान मीठ कुठं अन् साखर कुठं ते दिसंल." आमच्या घरी एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ झालं. बाबा तर उगाचच बाहेर जाऊन लांबून घराकडे बघून आले.

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, आई भाकरी थापता थापता थांबली. पिठाचा हात तसाच धरून म्हणाली, "अमोल, मला मळमळायलंय."

मी म्हटलं, काही खाल्लंस का बाहेरचं?

"तसं न्हाई. गाडी लागल्यावानी मळमळायलंय." आणि थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात, "गाडी चालायली बघ."

आईला गाडी लागते. एसटीत ती खिडकीशी बसून लिंबू हुंगत येते. पण आम्ही होतो सिमेंटच्या ठोकळ्यांवर. मी हसलो. पल्लवी पण हसली. आणि तेवढ्यात शेगडीकडची पिवळी पट्टी लुकलुकायला लागली. लागली, विझली, लागली, विझली... एकसारखी. जशी वळायच्या आधी गाडी दाखवते, तशी.

तिचा स्विच बंद होता. मी बोट लावून बघितलं, बंदच होता.

मग ती थांबली. नंतर देव्हाऱ्यातली लाल पट्टी पटकन लागली, विझली. पुन्हा लागली, विझली. आणि पुन्हा. पल्लवी म्हणाली, "दादा, भारी मोड टाकलायस." मी काहीच टाकलं नव्हतं.

इथे ज्यांना यातलं कळतं त्यांच्यासाठी सांगतो. इंडिकेटर लुकलुकायला फ्लॅशर लागतो. माझ्या जोडणीत फ्लॅशर नव्हताच, आणायचं काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सगळे सांधे उघडून पुन्हा बांधले. त्या पट्टीचा स्विच काढूनच टाकला. संध्याकाळी तेच. मग मी मीटर घेऊन पुढच्या सॉकेटपाशी गेलो, झाकण उघडून डाव्या इंडिकेटरच्या पिनेला लावला. व्होल्टेज येत होतं, जात होतं, येत होतं, जात होतं. त्या सॉकेटला समोरून काहीच जोडलेलं नव्हतं. समोर सुबाभूळ होती.

मी कॉलेजात सरांना विचारलं. सर शांतपणे म्हणाले, जुनी केबल आहे, ओल शिरली असेल, आतल्या आत वायरी एकमेकींना लागत असतील. मलाही ते पटलं. केबल सुकवली, टेप मारली, संशय आला तिथला तुकडाही बदलला. फरक शून्य. छताचा पांढरा दिवा लावला की थोड्या वेळात खेळ सुरू. दिवा लावलाच नाही तर काही नाही. आणि रोज क्रम तोच! आधी डावीकडची पट्टी. मग लाल – तीन-चारदा, लगालगा. मग बराच वेळ काहीच नाही. मग उजवी, मग एक लाल, पुन्हा डावी... असं करत करत शेवटी लाल लागायची ती लागलेलीच राहायची.

तात्यांना विचारलं, हा ट्रेलर कुणाचा होता? त्यांनी डोकं खाजवलं. "म्हाईत न्हाई बाबा. मी यार्ड घेतलं तवा हितंच व्हता. कुणी सोडून गेलं, पुन्हा न्यायाला आलंच न्हाई."

शफीकचाचांना मी एका संध्याकाळी चहाला बोलावलं, आणि काही न सांगता दिवा लावला. डावी पट्टी लुकलुकली तेव्हा ते चहा फुंकत होते. लाल तीन-चारदा लागली तसे त्यांनी कप खाली ठेवला. मग मोठ्याने हसायलाच लागले. म्हणाले, "अरे बेटा, ही तर गाडी निघाली. हा डावा म्हणजे यार्डातून बाहेर तळेगावकडे. आणि हे लाल-लाल म्हणजे आपला रोड. एवढे खड्डे दुसरीकडे कुठायत?"

हे ऐकून बाबासुद्धा हसले. त्या दिवसापासून आमच्या घरी एक नवाच खेळ सुरू झाला – गाडी कुठे चाललीय? चाचा म्हणायचे बंदर, नक्की बंदर. मग त्यांच्या हिशेबात नसलेली उजवी पट्टी लागायची आणि ते म्हणायचे, हां, इथे डिझेल भरायला वळला असणार. बाबा म्हणायचे नाशिक. पल्लवीचा हट्ट गोव्याचा होता. तुम्हाला वाटेल आम्ही घाबरलो कसे नाही... मलाही नंतर तसं वाटलं. पण खरं सांगतो, त्या उजेडात भीती वाटण्यासारखं काही नव्हतंच. कुणीतरी नीट, जपून गाडी चालवतोय एवढंच वाटायचं. बाबा आणि आई एका जागी बसून हसतायत, हे माझ्यासाठी जास्त नवीन होतं.

पण आई हसून हसून दमत होती. तिला रोज गाडी लागत होती. जेवण जाईना. चेहरा उतरला. एका सकाळी तिने पल्लवीच्या शाळेचा दाखला कसा काढायचा ते मला विचारलं. दिवाळीपर्यंत थांबत नाही, म्हणाली. पुढच्याच आठवड्यात जाते.

बाबा तिथेच डबा भरत होते. त्यांनी झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग ड्युटीवर गेले.

मला फार वाईट वाटलं. आईने राहावं म्हणून मी दिवे लावले, आणि त्याच दिव्यांनी ती चालली होती. कॉलेजला न जाता मी पक्कड घेतली आणि ट्रेलरखाली शिरलो. जुनी केबल मुळापासून कापायची, पैसे जमतील तेव्हा नवीन वायर टाकायची, तोवर पुन्हा चार्जिंगचा बल्ब. पक्कड केबलला लावली, तेवढ्यात आईचे पाय दिसले. मग ती खाली वाकली.

"काय करायलास?"

मी सांगितलं. आता लुकलुकणार नाही, तुला त्रास होणार नाही, तू जाऊ नको.

आई तिथेच पायरीवर बसली. मीही बाहेर आलो. ती म्हणाली, "मला एक सांग. रोज ती लाल बत्ती लागून राहती, त्याच्यापुढं काय हुतंय?"

काही नाही होत, मी म्हटलं, तिथे संपतं.

"संपत न्हाई. तू बंद करतूस."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. रोज आमची जेवणं झाली की बॅटरी वाचवायला मीच क्लिप काढून ठेवायचो. बॅटरी जुनी, सकाळी पल्लवीला अभ्यासाला उजेड लागतो, म्हणून. इतके दिवस मी मीटर घेऊन सगळा ट्रेलर पालथा घातला, पण पुढे काय होतंय हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"त्यो बिचारा जेवायला थांबत असंल," आई म्हणाली. "आपुन जेवतो तवाच त्यो जेवतो. अन् तू त्याला तिथंच ठिवतूस. मंग दुसऱ्या दिशी पुन्हा पहिल्यापासून. म्या तर एकदाच आले एसटीत, अजून अंगातून जाईना. त्यो रोज निघायलाय." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "एकदाचं पोचू दे त्याला. मंग मी काय ते ठरवीन."

बॅटरी तेवढी पुरणार नव्हती. चाचांनी दुकानातली एक भरलेली बॅटरी देतो म्हणून कबूल केलं, अट एकच – मी पण येणार. गुरुवार ठरला. गुरुवारी इकडे कंपन्यांना सुट्टी असते, यार्डात वर्दळ कमी, बाबांच्या जागी दुसरे काका गेटवर बसणार होते. दुपार कलली की खिडक्यांना चादरी लावून लवकरच दिवा लावायचा, म्हणजे फार उशीर होणार नाही.

आणि आईने काय केलं असेल? सकाळी उठून धपाटे केले. शेंगदाण्याची चटणी कुटली. पाण्याच्या बाटल्या भरल्या, कापडात बांधून सगळं पिशवीत घातलं. आम्ही घरातून घरातच चाललो होतो! बाबा म्हणाले, तिकीट काढू का? आई म्हणाली, तुमचं काढा, तुम्हीच सारखे एकटे जाताव. ते ती गमतीने बोलली की नाही मला सांगता येणार नाही. बाबा मात्र तिच्या शेजारी जाऊन बसले आणि पुढे सगळा वेळ तिथून हलले नाहीत.

चाचा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून.

दिवा लावला. थोड्या वेळाने डावी पट्टी लुकलुकली. आईने लिंबू नाकाला लावलं. "निघाली," चाचा म्हणाले. मग खड्डे. मग सरळ रस्ता. मग उजवी, लाल, डावी... आम्ही गप्पा मारत होतो. चाचा त्यांच्या वेळचे किस्से सांगत होते – घाटात बंद पडलेली गाडी, ढाब्यावर दोस्ताने मिठाऐवजी सोडा घातलेली डाळ. पल्लवीला प्रवासात येते तशी झोप आली, ती आईच्या मांडीवर आडवी झाली. मग लाल लागली आणि लागलेलीच राहिली. आईने पिशवी उघडली. आम्ही धपाटे खाल्ले. मला सवयीने दोनदा बॅटरीकडे जावंसं वाटलं, आईने नुसतं बघितलं आणि मी बसलो.

बराच वेळ तसाच गेला. मला वाटायला लागलं की झालं, एवढंच आहे. आणि लाल विझली.

पुढचं कुणीच आधी बघितलं नव्हतं. बराच वेळ काही नाही, मग डावी. मग लाल बारीक बारीक, जरा जरा लागून विझायची, अगदी हळू चालल्यासारखी. चाचा पुढे सरकून बसले होते. पुन्हा डावी. पुन्हा लाल. आणि मग बंद दाराच्या फटीतून बाहेरचा पांढरा उजेड आत आला.

ती रिव्हर्सची पट्टी. इतक्या दिवसांत ती आपोआप एकदाही लागली नव्हती.

चाचा उठले. कंबरेवर हात ठेवून, घाईने, पायऱ्या उतरून मागे गेले. आम्हीही मागोमाग. बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. पांढऱ्या उजेडात ते ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले, आणि क्लीनर लोक मागे घेताना ओरडतात तसं ओरडायला लागले – "आने दे... आने दे... थोडा डावा... आने दे..." आत लाल पट्टी लागत होती, विझत होती. मला आठवतंय, माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याच वेळी मी हसतही होतो. बाबा दुसऱ्या कोपऱ्याशी गेले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेही हात हलवून इशारा करत होते – ये, ये.

"बस्स!" चाचा म्हणाले आणि त्यांनी पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या.

त्या थापांसरशी रिव्हर्सचा दिवा विझला. लाल विझली. छताची पांढरी पट्टी तेवढी लागलेली राहिली, संथ. चाचांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "चांगला ड्रायव्हर आहे. एका दमात लावली."

त्यानंतर एकदाही काही झालेलं नाही. तीच केबल, त्याच पट्ट्या, आमचीच जुनी बॅटरी. दिवे स्विचने लागतात, स्विचनेच विझतात. मी रात्रीचा दिवा मुद्दाम चालू ठेवून बघितला, ओल्या दिवसांत बघितला, कोरड्या दिवसांत बघितला. सॉकेटला मीटर लावून बसलो. शून्य. सरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, लूज कनेक्शन थापेने नीट बसतं कधीकधी. असेल. पण मग रोज तोच क्रम कसा, थापेच्या आधी रिव्हर्स का लागला, आणि पट्टी लुकलुकायच्या आधी आईला कसं कळायचं... तो कोण होता, कुठून निघाला होता, इतकी वर्षं कुठे अडकला होता, काहीच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला वायरिंगमधलं यापेक्षा जास्त कळत असेल तर जरूर सांगा. मी प्रामाणिकपणे तपासून बघेन.

त्या गुरुवारचं एक सांगायचं राहिलं. चाचा गेल्यावर आईने माझा मोबाईल मागितला आणि गावाकडे मामाला फोन लावून दे म्हणाली. मी लावून दिला. आई पायरीवर बसली होती, दाराच्या उजेडात. बाबा एक पायरी खाली. मला वाटलं आता ती मामाला सांगणार, कधी निघते ते. बाबांनाही तेच वाटलं असणार, ते जमिनीकडे बघत होते.

आई म्हणाली, "दादा, पोचलो बरं का आम्ही."

मामा मोठ्याने बोलतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं. तो गोंधळून म्हणाला, "कुठं पोचलीस? अगं, आखाडातच गेलीस की तू चाकणला."

"व्हय," आई म्हणाली. "पोचल्याचा फोन करायचा राहिला व्हता."